एफच्या जागी डी

प्रकार इतका किरकोळ होता की एरवी मी तो विसरूनही गेलो असतो. जुन्या फोटोंची एक भलीमोठी झिप फाइल उघडत होतो. हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि मध्येच सूचना आली: सीआरसी एरर, म्हणजे फाइलसोबत साठवलेली ताळ्याची बेरीज जुळत नाही, अमुक एक फाइल खराब आहे. असेल बुवा, जुनी फाइल, जुनी डिस्क. तरी उगाच पुन्हा उघडून बघितली, तर या खेपेला शेवटपर्यंत विनातक्रार उघडली. सगळे फोटो शाबूत. दुसरा कोणी असता तर हुश्श करून पुढच्या कामाला लागला असता. पण कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडणाऱ्यांना एक खोड असते. बिघडलेलं काही आपोआप नीट झालं की त्यांना आनंद होत नाही, संशय येतो. फाइल खरंच खराब असती तर दोन्ही वेळा खराब निघायला हवी होती. दुसऱ्यांदा बेरीज जुळली, म्हणजे डिस्कवर होतं ते बरोबरच होतं. चूक वाटेत कुठेतरी झाली होती, आणि ती वाट माझ्या कॅबिनेटच्या आत होती.

आणि हे मशीन तर माझ्या मते निर्दोष होतं. निळा स्क्रीन कधी आला नव्हता, मध्येच रीस्टार्ट नाही, तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करतानाही पंख्यांचा आवाज एका पट्टीत. प्रोसेसर थोडा पळवलेला, म्हणजे छापील वेगापेक्षा जास्त वेगावर लावलेला, रॅमच्या चार पट्ट्या त्यांच्यावर छापलेल्या ३६०० या वेगाला लावलेल्या. कोणी विचारलं की मी बेधडक सांगायचो, एकदम स्टेबल आहे.

त्या रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. रॅम तपासायचा हा प्रोग्राम मूळ १९९४ मधला, ख्रिस ब्रेडी यांनी लिहिलेला. त्याचं रूप अजून साधारण तसंच आहे: निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात सरकणारे आकडे, माउस नाही, खिडक्या नाहीत. तो मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि जुळतंय का बघतो. मग दुसरं काही लिहितो. चौसष्ट जीबी म्हणजे जवळजवळ ५५ हजार कोटी बिट, त्यामुळे एक फेरी संपायलाही पुष्कळ वेळ जातो. पहिली फेरी स्वच्छ गेली. मी झोपायला निघालो होतो, दिवा मालवायला हात पुढे केला आणि पडद्यावर एक लाल ओळ उमटली. लिहिलं होतं ते आठ एफ. वाचलं ते चार एफ, मग डी, मग तीन एफ. एफ म्हणजे चार एक ओळीने, डी म्हणजे एक-एक-शून्य-एक. बत्तीस एक ठेवायला दिले होते, त्यातले एकतीस परत मिळाले आणि एकाचं शून्य झालं होतं.

इतकंच. बाकी सगळं मशीन मजेत चालू होतं.

मी पुन्हा खुर्चीत बसलो. दुसरी लाल ओळ यायला बराच वेळ लागला आणि ती आली तेव्हा पत्ता वेगळा होता. एखादं घरच फुटकं असतं तर दर फेरीला तोच पत्ता यायला हवा होता. पत्ते बदलत होते, आणि ओळी उमटत होत्या त्या रॅम चांगली तापल्यावर. डीरॅमचं, म्हणजे या पट्ट्यांवरच्या मेमरीचं, प्रत्येक घर म्हणजे विद्युतभार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, आणि त्यातला भार सतत झिरपत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं. उष्णता वाढली की झिरपणं वाढतं. आपण ज्याला मेमरी म्हणतो ती खरं तर अहोरात्र विसरत असते आणि तिला अहोरात्र आठवण करून दिली जात असते. हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत होतं. त्या लाल ओळीसमोर बसून ते पहिल्यांदा नकोसं वाटलं.

माझ्या डोक्यात कॉम्प्युटर ही पहिल्यापासून उघडी वस्तू आहे. माझा आतेभाऊ, आमचा दादा, कॅबिनेटचं झाकण कधी लावायचाच नाही. स्क्रू हरवतात, असं त्याचं म्हणणं. तेव्हाच्या कॅबिनेटचा पत्रा आतून इतका धारदार असायचा की केबल ओढताना बोटं हमखास कापायची, आणि बोट तोंडात घालून दादा दुसऱ्या हाताने जंपर, म्हणजे मदरबोर्डवरच्या पिना जोडणारी चिमुकली टोपी, बदलायचा. त्याच्याकडे सेलेरॉन ३००ए होता. १९९८ मधला इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, छापील वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डच्या बसचा वेग गुणिले प्रोसेसरचा गुणक म्हणजे प्रोसेसरचा वेग. त्याचा गुणक साडेचारवर कुलूपबंद होता, पण मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर पळायचा. शिवाय त्यातली १२८ केबीची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी चपळ मेमरी, प्रोसेसरच्याच चकतीवर, पूर्ण वेगाने धावणारी. महागड्या पेंटियम टूची कॅश मोठी असली तरी निम्म्या वेगाची. त्यामुळे खेळांमध्ये हा गरिबाघरचा गडी ४५०च्या पेंटियम टूच्या मांडीला मांडी लावून बसायचा. दादाने जंपर हलवून बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ४५० उमटलं, ते मी पाहिलंय. तो ओरडला वगैरे नाही. नुसता माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला वाटलं, कंपनीने आमच्यापासून लपवलेलं काहीतरी याने शोधून काढलं.

एका अर्थी ते खरंच होतं. कारखान्यात एकाच चकतीतून निघालेल्या चिप्स कमी-जास्त वकुबाच्या असतात, आणि बाजाराला स्वस्त माल जास्त हवा असला की चांगल्या वकुबाच्या चिपवरही खालचा आकडा छापला जातो. दोन आकड्यांमधली ती जागा म्हणजे आमची जहागीर. त्या काळातला माझा सगळ्यात आवडता प्रकार पेन्सिलीचा. २००० च्या सुमाराला एएमडीच्या थंडरबर्ड अॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरांचा गुणक बंद करायला कारखान्यात काही बारीक जोड लेझरने तोडलेले असत. ते जोड प्रोसेसरच्या वरच्या अंगालाच, उघड्यावर. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, म्हणून टोकदार पेन्सिल घेऊन ते ठिपके पुन्हा जोडायचे. अब्जावधींच्या कारखान्याने केलेला बंदोबस्त शाळेच्या दप्तरातल्या वस्तूने मोडायचा! हा आनंद पुढे कुठल्याही महागड्या कूलरने मला दिला नाही.

पळवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे दादाने मला शुद्धलेखनाच्या तासावरून समजावलं होतं. सांगणारा वेग वाढवत जातो. लिहिणारे काही वेळ पुरे पडतात. मग एकाच्या हातून काना सुटतो, पण तो मान वर करत नाही, पुढचं वाक्य लिहू लागतो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला चिपमधला संदेश ठरलेल्या मुक्कामी पोचलेला असावा लागतो. पाच गीगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये एक नॅनोसेकंदाचा पाचवा भाग असतो, आणि तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. संदेश उशिरा पोचू लागले की व्होल्टेज वाढवायचं, म्हणजे ट्रान्झिस्टर चपळाईने उघडझाप करतात. त्याची किंमत उष्णतेत मोजायची, तीही वर्गाने: १.२० व्होल्टचे १.३५ केले तर वेग तोच ठेवूनही वीज साधारण २७ टक्के जास्त खर्च होते. म्हणून मोठे हीटसिंक, म्हणून पाण्याचे कूलर, आणि विक्रमवीरांचं द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचं. त्या मंडळींनी द्रव हीलियम ओतून नऊ गीगाहर्ट्झसुद्धा ओलांडलेत. मला त्यांचं कौतुक आहे, हेवा नाही. तो प्रोसेसर काही क्षण जिवंत राहतो आणि आकड्याचा फोटो काढून होईपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं.

आता जहागीर फारशी उरलेली नाही. २००४ मध्ये इंटेलने चार गीगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणायचा बेत सोडून दिला, तेव्हाच कळायला हवं होतं की फुकटात मिळणारा वेग संपत आला. २००८ पासून टर्बो आला आणि प्रोसेसर स्वतःचं तापमान, वीज बघून स्वतःच पळू लागले. आम्ही रात्री जागून जे मिळवायचो ते आता कारखान्यातूनच पिळून घेतलेलं येतं. कधी कधी जरा जास्तच पिळलेलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं तेच झालं. ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत आणि त्यापायी हळूहळू झिजत. कंपनीला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, सुधारावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्या प्रकरणातली लक्षणं वाचताना मी दचकलो होतो. खेळ सुरू होताना ग्राफिक्स मेमरी संपल्याची सूचना यायची, लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे, आणि दुखणं असायचं प्रोसेसरमध्ये. दाबून ठेवलेला डेटा उलगडताना त्याच्या हिशेबात चूक होत होती. उलगडणं हे असं काम आहे की एक बिट चुकला तरी पुढचं सगळं कोसळतं. व्हिडिओ रेंडर करताना एखाद्या ठिपक्याचा रंग किंचित बदलला तर कोणाच्या लक्षात येणार? झिप मात्र चुगली करते.

मग मी ज्याला स्टेबल म्हणत होतो ते काय होतं?

आमच्या जमातीत याचं उत्तर देण्याची रीत ठरलेली आहे: प्राइम९५ लाव, रात्रभर चालू दे. हा प्रोग्राम मुळात मशीन छळायला लिहिलेलाच नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या) शोधायची मोहीम सुरू केली, तिचा हा प्रोग्राम. प्रचंड गुणाकार अपूर्णांकांतून करायचे आणि शेवटी उत्तर पूर्णांकाच्या जवळ आलंय ना ते तपासायचं, अशी त्याची पद्धत. म्हणून त्याची ती प्रसिद्ध सूचना येते, जी वाचून किती जणांच्या रात्री वाया गेल्या असतील: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. म्हणजे उत्तर दोन पूर्णांकांच्या बरोबर मधोमध लोंबकळतंय, कुठे झुकावं त्याला कळत नाही. २०१६ च्या सुरुवातीला तर याच प्रोग्रामने कुठेही न पळवलेला, जसाच्या तसा इंटेलचा स्कायलेक प्रोसेसर गोठवून दाखवला. ठरावीक गणिताला मशीन थिजायचं. इंटेलने ते मान्य करून बायॉसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून, दुरुस्ती दिली. तोवर ते प्रोसेसर वापरणारे सगळे जण आपापलं मशीन स्टेबल आहे असंच म्हणत होते, आणि त्यांच्या परीने खरंच बोलत होते.

रात्रभर का, हेही कोणी धड सांगत नाही. रात्रभर, कारण आपल्याला झोपायचं असतं. सकाळी हिरवे शेरे दिसले की आपण मशीन पास झालं म्हणतो. तपासणी मशीनमुळे थांबत नाही, आपला धीर संपतो म्हणून थांबते.

बिघाड शोधण्याच्या कामाबद्दल मात्र माझ्या मनात निखळ प्रेम आहे. मशीन मेलं असेल तर ते सोपं. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाड कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला टेकवायची, पंखा फिरला तर निदान श्वास तरी आहे. मल्टिमीटरने बारा व्होल्टची पिवळी तार मोजायची, ११.४ ते १२.६ मध्ये असेल तर पुढे जायचं. कपॅसिटरांची डोकी बघायची. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर लाखांनी बाजारात गेले होते, आणि फुगलेल्या डोक्याची, तपकिरी चीक गळणारी ती रांग मी पुष्कळ बोर्डांवर पाहिलीय. आणि अर्थातच रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे. हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो की लोक त्याला चमत्कार समजतात. माझ्या मते बरंचसं श्रेय रबराचं नसून काढून पुन्हा बसवण्याचं असतं. पण रबराने हाताला काम मिळतं, समाधान मिळतं, आणि टेबलावरचा रबराचा चुरा फुंकताना आपण काहीतरी केलं असं वाटतं. अवघड असतात ते अधूनमधून येणारे बिघाड. तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची, याला पर्याय नसतो. दोन गोष्टी एकदम बदलायचा मोह इतका जबरदस्त असतो की चांगली शिस्तीची माणसं त्याला बळी पडतात. बिघाड जातो, आणि कशाने गेला ते कायमचं गुलदस्त्यात राहतं.

मी या वेळी मोह आवरला. एकेक पट्टी एकटी लावून तपासली, चारही निर्दोष. जोड्या लावल्या, त्याही निर्दोष. चारही एकत्र ३६०० वर लावल्या की लाल ओळ. चारही ३२०० वर, पुन्हा स्वच्छ. गुन्हेगार सापडेना, कारण तो नव्हताच. पट्टीवर छापलेला वेग हे त्या पट्टीचं वचन असतं. चार पट्ट्यांचा भार पेलायचा असतो प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला, आणि त्याने तसलं वचन कुणाला दिलेलं नसतं. चार पट्ट्यांसाठी त्याचा अधिकृत वेग सहसा दोनपेक्षा कमीच धरलेला असतो. बायॉसमध्ये एक्सएमपीचं, म्हणजे रॅम छापील वेगावर नेणाऱ्या तयार सेटिंगचं, बटण दाबलं की ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे पळवणंच असतं, फक्त तसं वाटत नाही. प्रत्येक भाग आपापल्या जागी चोख. तरीही बत्तीसातला एक बिट पडत होता.

ते कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी फोटोंचे फोल्डर उघडून बसलो. जेपेगमध्ये एक बिट फिरला तर त्या जागेपासून खालचं चित्र बिघडू शकतं, रंग भलतेच होतात किंवा पट्टा बाजूला सरकतो. तसा एक फोटो सापडला, खालच्या भागात सगळ्यांचे पाय जांभळे आणि कमरेपासून बोटभर डावीकडे. तो या मशीनवर बिघडला, की त्याआधीच्या, की कॅमेऱ्याच्या कार्डातच, हे कळायला मार्ग नाही. आणि तो निदान दिसतो तरी. एखाद्या हिशेबातला आकडा, एखाद्या लेखातलं अक्षर? सर्व्हरवाल्यांकडे ईसीसी रॅम असते, एक बिट फिरला तर ती तो तिथल्या तिथे दुरुस्त करून नोंद ठेवते. घरच्या मशीनला ती चैन समजली जाते. का, हे मला आजवर पटलेलं नाही.

या सगळ्याच्या ऐन मध्यात भाचीने तिचं पहिलं मशीन जोडायला घेतलं. मला बोलावलं ते हात लावायला नाही, बघायला. तिने प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद ठेवला, पण दांडी खाली दाबायची वेळ आली तेव्हा थांबली. ती दांडी दाबताना खरंच भीती वाटते. जोर लागतो, कर्र असा आवाज येतो आणि वरचं प्लास्टिकचं झाकण टप्पकन उडतं. "मामा, हे असंच असतं ना?" "असंच असतं. दाब." दाबली. पुढचं सगळं तिने माझ्यापेक्षा नीटनेटकं केलं, केबली मागून ओढल्या, कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या त्या नखाएवढ्या पिना टॉर्च तोंडात धरून बसवल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. डीरॅम लिहिलेला बारीकसा दिवा लागून राहिला. तिचा चेहरा पडला. तिने बटणाकडे हात नेला, मी अडवलं. नव्या डीडीआर५ मशीनना पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. कंट्रोलर प्रत्येक तारेवर थोडं लवकर, थोडं उशिरा वाचून बघत असतो, नेमका कोणता क्षण धरावा ते शोधत असतो. पडद्यावर याची कसलीही खूण नसते. कितीतरी लोक याच वेळी घाबरून मशीन बंद करतात आणि रॅम परत करायला निघतात.

पडदा उजळला तेव्हा तिने टाळी वाजवली आणि लगेच बायॉसमध्ये शिरून रॅमचा वेग शोधू लागली. दोन पट्ट्या, छापील ६०००, बायॉसने लावलेला ४८००. एक्सएमपीला एएमडीकडे एक्स्पो म्हणतात.

"एक्स्पो चालू करू?"

"कर. दोनच पट्ट्या आहेत, बहुधा पेलेल. मग मेमटेस्ट लाव, आणि पहिल्या फेरीला उठू नकोस."

"आणि ती पास झाली की स्टेबल?"

मी तिला लाल ओळीचा फोटो दाखवला. तिने मोठा करून डी शोधला, बराच वेळ बघितला आणि मग वेग ६००० वरच ठेवला. तिच्या वयात मीही तेच केलं असतं. "पण मग फोटो, प्रोजेक्ट वगैरे कुठे ठेवायचं?"

"दोन ठिकाणी. आणि कॉपी केल्यावर दोन्हींचे चेकसम, म्हणजे ताळ्याच्या बेरजा, जुळवून बघायचे."

"नाही जुळले तर? कुठली कॉपी खरी ते कसं कळणार?"

"मूळ फाइल आली त्याच दिवशी चेकसम काढून ठेवलेला असला तर कळेल. नाहीतर तिसरी कॉपी लागेल."

तिने खरेदीच्या यादीत ग्राफिक्स कार्डाच्या वर आणखी एक हार्ड डिस्क लिहिली, आणि ती कुठल्या मशीनला लावून भरायची, याला की तुझ्या हळू चालणाऱ्या मशीनला, असं मला विचारलं.